तगादा : अंजनवेलपासून आपल्या उंबरठ्यापर्यंत

दिवाळीच्या अंकात दिवा विझण्याची गोष्ट काढणे काहींना अशुभ वाटेल. पण ज्या घरात वीजबिल आल्याबरोबर घरधनी चष्मा शोधू लागतो आणि गृहिणी स्वयंपाकघरातूनच "या महिन्यात किती आलं हो?" म्हणून विचारते, त्या घराला हा विषय परका नाही. फराळाचे सामान, मुलांचे कपडे, कामवाल्या बाईंची दिवाळी या सगळ्यांच्या रांगेत तेही बिल उभे असते. वाणी ओळखीवर महिनाभर थांबतो, शिंपी कुरकुरत का होईना पण थांबतो. वीज देणाऱ्याला थांबण्याची गरजच नसते, कारण आपल्या घरातला उजेड त्याच्या हातात असतो.

मी आयुष्याची चौतीस वर्षे एका कचेरीच्या हिशेबखात्यात काढली. जमा आणि नावे या दोन बाजूंच्या मध्येच माझे केस पांढरे झाले. त्यामुळे देणे बुडवणाऱ्याविषयी मला यत्किंचितही प्रेम नाही. वापरलेल्या विजेचे पैसे दिलेच पाहिजेत. परंतु घेणे वसूल करण्याचीही एक रीत असते. ती रीत सुटली की वसुलीचा तगादा होतो.

तगादा हा शब्द आज आपण सहज वापरतो. पण त्याचा इतिहास मोठा उग्र आहे. पेशवाई बुडाल्यावर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने १८१९ मध्ये या मुलखाविषयी जो अहवाल लिहिला, त्यात तगाद्याचे वर्णन आहे. साध्या मागणीपासून आरंभ व्हायचा. मग ऋणकोच्या दारात माणूस बसे, मग त्याला जेवू दिले जात नसे आणि अखेरीस डोक्यावर दगड देऊन त्याला उन्हात उभे केले जाई. घेणेकरी स्वतःच ऋणकोच्या दारी उपाशी बसला, तर त्याला धरणे म्हणत. आज मोर्चेवाले तोच शब्द वापरतात. पुढे शहरांत काठी घेऊन येणारे पठाण सावकार आले आणि 'पठाणी वसुली' हा शब्द मराठीत कायमचा राहून गेला.

आता दगड गेला, काठी गेली. त्यांच्या जागी एक बटण आले आहे. त्या बटणाची गोष्ट सांगण्यासाठी मला तुम्हांला प्रथम कोकणात न्यावे लागेल.

समुद्रकाठचा मोठा सावकार

गुहागरला आमच्या मेहुण्यांचे घर आहे. गेल्या हिवाळ्यात तिकडे गेलो असता त्यांच्याबरोबर अंजनवेलला जाणे झाले. वाशिष्ठी नदी जिथे समुद्राला मिळते, तिथे अलीकडच्या अंगाला अंजनवेल आणि पलीकडच्या अंगाला दाभोळ. अंजनवेलच्या टेकाडावर गोपाळगड आहे. सिद्दी, तुळाजी आंग्रे, पेशवे, इंग्रज अशा सगळ्यांनी तो पाळीपाळीने घेतला, कारण गड ज्याच्या हातात, खाडीच्या तोंडाची किल्ली त्याच्या हातात. शेजारी टाळकेश्वराचे देऊळ आणि दीपगृह. आणि याच टापूत, समुद्राकडे तोंड करून, एक अवाढव्य वीजकारखाना उभा आहे. पूर्वी सारे जग त्याला 'एन्रॉन' म्हणत असे.

"नाव दाभोळचं, जमीन आमची," मेहुणे म्हणाले. खरेच आहे. कंपनीचे नाव दाभोळ पॉवर कंपनी. पण दाभोळ पडले खाडीपलीकडे, दापोली तालुक्यात. कारखान्याची जमीन गेली ती गुहागर तालुक्यातील अंजनवेल, वेलदूर या बाजूची.

ही कंपनी म्हणजे अमेरिकेतील एन्रॉन, जनरल इलेक्ट्रिक आणि बेक्टेल या तिघांचा संसार. जून १९९२ मध्ये महाराष्ट्र राज्य वीज मंडळाशी तिची पहिली बोलणी कागदावर आली आणि डिसेंबर १९९३ मध्ये वीजखरेदीचा करार झाला. फेब्रुवारी १९९४ मध्ये राज्य सरकारने मंडळाच्या देण्याची हमी घेतली आणि सप्टेंबर १९९४ मध्ये केंद्र सरकार त्या हमीच्याही मागे जामीन राहिले. ऑगस्ट १९९५ मध्ये मनोहर जोशी यांच्या सरकारने प्रकल्प रद्द केला आणि १९९६ मध्ये नव्या बोलणीनंतर तो पुन्हा उभा केला. मे १९९९ मध्ये पहिल्या टप्प्याची ७४० मेगावॉट वीज सुरू झाली.

करार समजायला फार विद्वत्ता लागत नाही. आपल्या घरच्या बिलात 'स्थिर आकार' नावाची एक ओळ असते ना? महिनाभर घराला कुलूप लावून गावी गेलात तरी ती चुकत नाही. मंडळाला त्याच जातीची, पण डोंगराएवढी ओळ लागू झाली. वीज घ्या अथवा घेऊ नका, कारखाना तयार ठेवण्याचे पैसे द्यावेच लागत. त्यात कारखाना चाले नाफ्त्यावर. नाफ्त्याचा भाव चढला, डॉलर चढला, आणि वीज महाग म्हणून मंडळाने ती कमी घेतली की तोच स्थिर खर्च थोड्या युनिटांवर पडून भाव आणखी चढे. २००० साली काही महिन्यांत एका युनिटचा भाव सात रुपयांच्या पुढे गेला.

वसुलीची तजवीज मात्र पक्की होती. मंडळाकडून पैसे आले नाहीत तर राज्य सरकार. राज्याकडून आले नाहीत तर केंद्र सरकार. याशिवाय ग्राहकांच्या बिलांतून मंडळाकडे जमा होणाऱ्या रकमेचा काही भाग कंपनीच्या देण्यासाठी बांधून ठेवण्याचाही करार होता. म्हणजे खिडकीवर रांग लावून आपण भरत होतो ते आपले बिल, पण त्या पैशावर आधीच कोणाचा तरी हात होता. वाचकहो, सावकाराने ऋणकोच्या मुलाच्या पगाराची पावती आधीच लिहून घ्यावी, तसे हे झाले.

आणि दांडगाई म्हणाल तर ती बिलाच्याही आधीपासून होती. १९९७ मध्ये प्रकल्पाला विरोध करणाऱ्या गावकऱ्यांना मोठ्या संख्येने अटक झाली. त्या वर्षीच्या जून महिन्यात पोलिसांनी भल्या पहाटे वेलदूरच्या कोळीवस्तीत शिरून बायकांना घराबाहेर ओढले. ह्यूमन राइट्स वॉच या संस्थेने जानेवारी १९९९ मध्ये यावर सविस्तर अहवाल प्रसिद्ध केला. ज्या पोलिसांवर आरोप होते, त्यांच्या बंदोबस्ताचे पैसे कंपनी सरकारकडे भरीत होती, हेही त्यात नोंदले आहे.

ऋणको जेव्हा हिशेब मागतो

आता थकबाकीचा प्रसंग पहा. २००० च्या अखेरीस मंडळाचे पैसे थकले. फेब्रुवारी २००१ मध्ये कंपनीने नोव्हेंबरच्या बिलातील ७९ कोटी रुपयांसाठी थेट केंद्र सरकारची हमी पुढे केली. डिसेंबरचे बिल होते १०२ कोटींचे. तेव्हा मंडळाने एक गोष्ट केली, जी आपण सामान्य ग्राहक सहसा करीत नाही. त्याने करार उघडून वाचला.

करारात लिहिले होते की, मागणी होताच ठरलेल्या वेळात कारखान्याने पूर्ण वीज दिली पाहिजे. न दिल्यास दंड. जानेवारी २००१ मध्ये कारखाना त्या कसोटीला उतरला नाही, असे मंडळाचे म्हणणे पडले. त्याने सुमारे ४०० कोटींचा दंड आकारला आणि कळवले की, डिसेंबरचे १०२ कोटी यातून वळते करून घ्या. कंपनीने ते अर्थातच मान्य केले नाही. लवादासाठी लंडनचा रस्ता धरला गेला. एप्रिल २००१ मध्ये माधव गोडबोले यांच्या अध्यक्षतेखालील समितीने या साऱ्या व्यवहारावर कडक ताशेरे मारणारा अहवाल दिला. मे अखेर मंडळाने वीज घेणे थांबवले आणि कारखाना बंद पडला.

याच्या पुढची गोष्ट हिशेबखात्यातल्या माणसाला विसरता येत नाही. राज्य आणि केंद्र या दोघांच्याही गळ्यात हात घालून घेणे मागणारी एन्रॉन २ डिसेंबर २००१ रोजी अमेरिकेत स्वतःच दिवाळखोरीत निघाली. तिच्या वह्याच खोट्या होत्या. कर्ज लपवले होते, नफा फुगवला होता. तिचे हिशेब तपासणारी आर्थर अँडरसन ही जगप्रसिद्ध पेढीही त्या धक्क्यात कोसळली. अंजनवेलचा कारखाना चार-पाच वर्षे गप्प उभा राहिला. २००५ मध्ये त्यासाठी रत्नागिरी गॅस आणि वीज कंपनी स्थापन झाली आणि पुढल्या वर्षी त्यातून पुन्हा वीज निघाली. त्याच २००५ साली जुने वीज मंडळही विभागले गेले आणि आपल्या बिलावर महावितरणचे नाव आले.

मंडळ बरोबर होते की कंपनी, हा वाद आता वकिलांच्या कपाटात आहे. मला त्यातून दिसते ते एवढेच, की १०२ कोटी थकले तेव्हा ऋणकोला बोलता आले. त्याने करार वाचला, उलट हिशेब मांडला, समिती नेमली, लवादाची तारीख लागली. कोणी दुसऱ्या दिवशी येऊन मंत्रालयाची तार कापली नाही. मोठ्याची थकबाकी हा 'वाद' ठरतो. लहानाची थकबाकी मात्र 'गुन्हा' असल्यासारखी वागवली जाते. आणि दुःखाची गोष्ट अशी, की तो लहान माणूसही स्वतःला गुन्हेगारच समजतो.

माईंचे साडेनऊ

आमच्या इमारतीत वरच्या मजल्यावर माई राहतात. वय ब्याऐंशी. यजमान वारले, मुलगा परदेशी. साखरेचा आजार असल्यामुळे इन्शुलिनच्या कुप्या फ्रीजमध्ये असतात. २०२२ च्या पावसाळ्यात एके संध्याकाळी त्यांचा फोन आला.

"अहो अण्णा, जरा वर येता का? लाइट कापणार म्हणतायत."

गेलो. माईंनी मोबाइल माझ्या हातात दिला. निरोपाचा आशय असा : मागील महिन्याचे बिल नोंदले गेलेले नाही, आज रात्री साडेनऊ वाजता वीजपुरवठा बंद होईल, ताबडतोब खालील नंबरवर बोला. माई बोलल्याही होत्या. पलीकडच्या माणसाने त्यांना फोनवर काहीतरी उतरवून घ्यायला आणि फक्त दहा रुपये भरायला सांगितले होते. ते उतरवून घेणे माईंना जमले नाही, म्हणून त्यांनी मला हाक मारली होती. त्यांचे बिल बारा दिवसांपूर्वीच भरलेले होते. पावती देवघरातल्या डब्यात, घडी करून.

"माई, पावती आहे की तुमच्याकडे!"

"आहे हो. पण ते म्हणाले, साहेबांच्या मशिनवर दिसत नाहीये. साडेनऊला कापली तर रात्री जोडायला कोण येणार? आणि औषध?"

मी त्या नंबरवर फोन लावला. पलीकडून घाईघाईचा, दरडावणीचा आवाज. मी ग्राहक क्रमांक विचारला. त्याने मलाच तो विचारला. "नोटीस कोणत्या तारखेची?" म्हटल्यावर फोन बंद झाला.

हा भामटा होता, हे आता शाळकरी मुलेही सांगतील. त्या वर्षी देशभर अशा निरोपांनी शेकडो लोकांची खाती धुऊन नेली; वीज कंपन्यांनाच जाहिराती देऊन लोकांना सावध करावे लागले. मला मात्र वेगळाच प्रश्न पडला. एवढी शहाणी बाई, भरलेल्या बिलाची पावती हातात असताना घाबरली का?

कारण विचारले तेव्हा त्यांनी जुनी गोष्ट सांगितली. यजमान गेल्यानंतर त्यांच्या नावावरच्या टेलिफोनची अकराशे-बाराशेची बाकी निघाली होती. कंपनीचे नाव सांगून उपयोग नाही. वसुलीवाल्यांनी दोन महिने दिवसातून चार-चार वेळा फोन केले. "कोर्टाचे लोक घरी येतील, सोसायटीत सगळ्यांना कळेल," असे सांगितले. फोन जानेवारीतच बंद करायला अर्ज दिला होता, हे माईंचे म्हणणे कोणी ऐकूनच घेतले नाही. शेवटी त्यांनी पैसे भरून टाकले. देणे लागतात म्हणून नव्हे, फोनची घंटा बंद व्हावी म्हणून.

त्या रात्री साडेनऊ वाजेपर्यंत मी आणि आमची मंडळी माईंकडे बसलो. मेणबत्ती आणि काडेपेटी त्यांनी टेबलावर काढून ठेवली होती. साडेनऊ वाजले, दिवा जळत राहिला, आणि माईंनी मेणबत्ती परत ड्रॉवरमध्ये टाकली. पण दहा वाजेपर्यंत त्यांनी आम्हांला उठू दिले नाही.

दमदाटीच्या वसुलीने माणूस प्रामाणिक होत नाही, भित्रा होतो; आणि भित्र्या माणसाला लुटायला भामट्याला फार अक्कल लागत नाही. खरा वसुलीवाला ज्या भाषेत बोलतो, तीच भाषा भामट्याने उचलली. दोघांतला फरक ओळखायला माईंना एकच गोष्ट माहीत असायला हवी होती. ती म्हणजे कायदा.

कायद्याचे पंधरा दिवस

१९१० च्या जुन्या वीज कायद्यात थकबाकीसाठी पुरवठा तोडण्यापूर्वी पूर्ण सात दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागे. २००३ च्या नव्या कायद्याने ती मुदत वाढवली. त्याचे कलम ५६ प्रत्येक घराने पाठ करावे असे आहे. पुरवठा तोडण्यापूर्वी किमान पूर्ण पंधरा दिवसांची लेखी नोटीस द्यावीच लागते. नोटीस कागदावर येवो की मोबाइलवर, 'आज रात्री साडेनऊ' ही भाषा कायद्याची नव्हे.

दुसरी गोष्ट याहून मोलाची. बिल चुकीचे आहे असे तुमचे म्हणणे असेल तर हरकत नोंदवून पैसे भरता येतात. किती? मागितलेली सगळी रक्कम, किंवा गेल्या सहा महिन्यांच्या सरासरीने निघणारा दरमहाचा आकार, या दोहोंत जी रक्कम कमी असेल ती. एवढे भरले की वादाचा निकाल लागेपर्यंत पुरवठा तोडता येत नाही. अंजनवेलच्या मोठ्या ऋणकोला जी संधी मिळाली, ती या दोन ओळींत तुम्हा-आम्हालाही दिलेली आहे. पण ती मागून घ्यावी लागते.

तिसरी गोष्ट जुन्या थकबाकीची. रक्कम प्रथम देय झाल्यापासून दोन वर्षे उलटली आणि मधल्या काळात ती बिलांत सतत थकबाकी म्हणून दाखवली गेली नसेल, तर तिच्यासाठी तार कापता येत नाही. फेब्रुवारी २०२० मध्ये अजमेरच्या एका ग्राहकाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हे अधिक स्पष्ट केले : कंपनीला आपली चूक उशिरा कळली तर ती जादा मागणी करू शकेल, पण त्या मागणीसाठी पुरवठा तोडण्याचा बडगा उगारू शकणार नाही.

आणि दाद मागायची कोठे? कंपनीच्या कचेरीत लेखी तक्रार. तिथे न्याय मिळाला नाही तर वीज ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंच. त्याही पुढे विद्युत लोकपाल. या सगळ्या पायऱ्या याच कायद्याने बांधलेल्या आहेत. त्यांच्यावर गर्दी दिसत नाही, ती दरडावणाऱ्या फोनपुढे दिसते.

एक उणीवही सांगून ठेवली पाहिजे. बँकांच्या वसुलीदारांनी सकाळी आठच्या आधी व संध्याकाळी सातनंतर कर्जदाराला फोन करू नये, असे रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२२ मध्ये बजावले. पण तो नियम रिझर्व्ह बँकेच्या ताब्यातील संस्थांपुरता. तुमच्या टेलिफोन किंवा वीजबिलासाठी येणाऱ्या माणसाला तो लागू होत नाही.

सबंध राज्याला आलेले बिल

हे सारे केवळ एका माईंपुरते नाही. २०२० च्या टाळेबंदीत मीटर वाचणारे घराबाहेर पडू शकत नव्हते. त्यामुळे उन्हाळ्यात घराघरांत पंखे चालू असताना बिले गेली ती मागच्या महिन्यांच्या सरासरीची. जूनमध्ये मीटर वाचले गेले आणि तीन महिन्यांचा फरक एकदम अंगावर आला. पगार कापलेले, दुकाने बंद, आणि हातात नेहमीच्या दुपटी-तिपटीचे बिल! वीज नियामक आयोगाने फार चढलेल्या बिलांसाठी तीन हप्त्यांची सवलत द्यायला सांगितले. पुढे २०२१ च्या आरंभी थकबाकीदारांच्या तारा कापण्याची मोहीम निघाली. २ मार्च २०२१ रोजी उपमुख्यमंत्री अजित पवार यांनी विधानसभेत तिला स्थगिती जाहीर केली आणि अधिवेशनाच्या शेवटच्या दिवशी, १० मार्चला, ती स्थगिती उठली. आठ दिवसांचा उजेड!

मात्र एक न्याय्य गोष्ट बोललीच पाहिजे. मार्च अखेरीच्या वसुलीत खांबावर चढतो तो वायरमन काही सावकार नसतो. त्याला वरून आकडा ठरवून दिलेला असतो, आणि शिव्या खालून मिळतात. वादळात आपल्यासाठी तारा जोडतो तोही तोच. आपला राग त्याच्या डोक्यावर काढण्यात पुरुषार्थ नाही. आपण पैसे थकवले तर वितरण कंपनीलाही वीज उधार मिळत नाही, हे अंजनवेलच्या गोष्टीनेच दाखवले आहे.

न बोलणारा वसुलीदार

दांडगी वसुली आपल्याकडेच होते असे समजू नका. फेब्रुवारी २०२३ मध्ये लंडनच्या 'टाइम्स' पत्राने उघडकीस आणले की, ब्रिटिश गॅस कंपनीच्या वतीने नेमलेले वसुलीदार न्यायालयाचे वॉरंट घेऊन, कुलुपे उघडून थकबाकीदारांच्या घरांत शिरत होते. कापायला नव्हे, तर आधी पैसे भरावे लागणारे मीटर बसवायला. लहान मुले असलेली, आजारी माणसे असलेली घरेही त्यातून सुटली नव्हती. न्यायालये अशी वॉरंटे ढिगाने देत होती. बभ्रा झाल्यावर ती थांबवली गेली आणि एप्रिलमध्ये तिथल्या नियामकाने नियम केला की, ८५ वर्षांवरील माणसांच्या घरी असे मीटर बळाने बसवायचे नाहीत.

या आगाऊ पैशांच्या मीटरची गोम समजून घ्या. त्याला नोटीस द्यावी लागत नाही, कारण त्याच्या लेखी थकबाकीच होत नाही. पैसे संपले की दिवा जातो. कोणी तोडला, तर कोणीच नाही. तो आपोआप गेला! पंधरा दिवसांची मुदत, हरकत, सरासरी, लोकपाल ही सारी वाट त्या एका क्षणात गिळली जाते. आपल्या राज्यातही असे मीटर घरोघरी येणार म्हणून लोक धास्तावले होते. २०२४ च्या जूनमध्ये देवेंद्र फडणवीस यांनी सामान्य ग्राहकांना ते बसवणार नसल्याचे जाहीर केले, तेव्हा हायसे वाटले. यंत्र नवे येवो, वाचन दूरवरून होवो, त्याला माझी हरकत नाही. पण 'का' म्हणून विचारायला पंधरा दिवस हवेत. तेवढी सवड हीच दरबारी तगादा आणि कायद्याची वसुली यांतली सीमारेषा आहे.

म्हणून या दिवाळीत घर झाडताना एक काम करा. वीज, गॅस, पाणी, टेलिफोन यांची गेल्या दोन वर्षांची बिले आणि पावत्या एका फाइलीत लावा. वरच्या पानावर ग्राहक क्रमांक आणि कचेरीचा खरा नंबर मोठ्या अक्षरांत लिहा. घरातल्या वृद्धांना सांगून ठेवा : घाईचा फोन आला तर दोनच प्रश्न विचारायचे, 'नोटीस कोणत्या तारखेची?' आणि 'माझा ग्राहक क्रमांक सांगा.' बिल बरोबर असेल तर वेळेवर भरा, चूक असेल तर हरकत लिहून भरा, आणि त्या पत्राची पोच घ्यायला विसरू नका. शेजारी एखाद्या माई एकट्या राहत असतील तर त्यांचीही फाइल लावून द्या. अर्ध्या तासाचे काम आहे.

देणे द्यावे, पण मान खाली घालून नव्हे; हिशेब वाचून द्यावे. तुम्हा सर्वांच्या घरचे दिवे उजळ राहोत.